एका कपामागचं बळ

१५० मिलिलिटर पाणी खळखळून उकळवा आणि ओट्यावर गार पडलेल्या, ३०० ग्रॅम वजनाच्या चिनीमातीच्या भांड्यात ओता. हवेत थोडीही उष्णता गेली नाही असं धरलं, तरी भांडं आणि पाणी एका तापमानाला येईपर्यंत पाणी १०० अंशांवरून ७७ च्या आसपास उतरलेलं असतं. त्याच वजनाच्या भांड्यात दीड लिटर पाणी मावलं असतं, तर ते ९७ वर थांबलं असतं. भांडं तेच, पण थोड्या पाण्याला त्याचा फटका फार मोठा बसतो. आणि कॉफीची भुकटी नीट उतरायला साधारण ९० ते ९६ अंशांचं पाणी लागतं. म्हणजे दहा जणांची कॉफी करणं एकट्यापुरती करण्यापेक्षा सोपं! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा एक-एक कप करणाऱ्या त्या लहानशा यंत्रांकडे मी वेगळ्याच नजरेनं पाहू लागलो.

घरातलं असं यंत्र बंद पडलं, दुरुस्तीवाल्यानं हात वर केले आणि नवं घ्यायचं ठरलं, की आपण किंमत पाहतो, रंग पाहतो, ओट्यावर जागा किती अडेल ते पाहतो. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारावा: या यंत्रात पाण्याला भुकटीतून कोण ढकलतं? त्याचं उत्तर मिळालं की चव, आवाज, कचरा, खर्च आणि यंत्राचं आयुष्य या सगळ्यांचा अंदाज येतो.

कपात नेमकं काय उतरतं ते आधी पाहू. भाजलेल्या कॉफीचा जेमतेम ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, आणि तोही सगळा कपात आलेला आपल्याला आवडत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५० च्या दशकात कॉफीचा एक तक्ता आखला. कॉफीच्या व्यवसायातले लोक आजही तोच समोर ठेवून बोलतात. त्यानुसार भुकटीच्या वजनाचा १८ ते २२ टक्के भाग उतरावा. आधी सुटतात आम्लं, मग गोडवा, आणि कडवटपणा सर्वांत शेवटी. लवकर थांबलात तर कॉफी आंबट आणि पातळ लागते, उशिरा थांबलात तर कडू. मोठ्या कपासाठी १५ ग्रॅम भुकटी घेतली, तर हिशेब ३ ग्रॅमचा आहे. ज्या दरवळानं शेजारचं घर जागं होतं, तो सगळा या ३ ग्रॅमचा. बाकी कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं.

हे ३ ग्रॅम वेळेत बाहेर काढायचे तर पाणी ठरावीक वेगानं भुकटीतून जायला हवं. तो वेग कशावर अवलंबून असतो, हे कॉफीशी काही संबंध नसलेल्या एका इंजिनिअरनं सांगून ठेवलं आहे. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम पाहणाऱ्या आन्री दार्सी यांनी वाळूच्या थरांतून पाणी सोडून मोजमापं घेतली आणि १८५६ साली नियम मांडला: दाब जितका जास्त तितका वेग जास्त, थर जितका जाड तितका वेग कमी. तिसरी गोष्ट म्हणजे कणांमधल्या फटी. कणांचा व्यास निम्मा केला, तर पाण्याची वाट साधारण चौपट बिकट होते. विहिरीत भूजल किती वेगानं झिरपेल याचा हिशेब आजही याच नियमापासून सुरू होतो. मराठवाड्यातली विहीर आणि तुमच्या हातातला कप या दोन्हींत एकच गणित चाललेलं असतं. म्हणूनच दळण बारीक केलं की दाब वाढवावा लागतो, आणि दाब नसेल तर दळण जाडच ठेवावं लागतं. कॉफीच्या दुकानातल्या सगळ्या यंत्रांची विभागणी या एका ओळीत बसते.

सर्वांत कमी दाब गुरुत्वाकर्षणाचा. १९०८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीनं पितळेच्या भांड्याला भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टिपकागद आत बसवला आणि त्यातून कॉफी गाळली. त्याच वर्षी तिनं त्याचं पेटंटही घेतलं. आजचे कागदी गाळणीचे शंकू हे तिच्याच कल्पनेचे वंशज आहेत. भुकटीवर उभं असतं ते काही सेंटिमीटर पाणी, म्हणजे दाब ‘बार’ या दाबाच्या एककाच्या शंभराव्या भागाइतकाही नाही. तेवढ्यावर तीन-चार मिनिटांत स्वच्छ, हलकी कॉफी मिळते. यात बिघडायला काहीच नाही. फक्त उष्णतेचं सुरुवातीचं गणित विसरायचं नाही: शंकू आणि कप आधी गरम पाण्यानं धुऊन घ्यायचे. तुम्ही डोंगरावर असाल तर काम आणखी सोपं. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पातेलं उतरवून थांबायची गरजच नाही. उकळी आली की ओता.

दुसरं बळ हाताचं. अ‍ॅलन अ‍ॅडलर हे अमेरिकन संशोधक. त्यांनी बनवलेली हवेत तरंगणारी कडी २००३ साली ४०० मीटरहून लांब फेकली गेली होती. घरातलं कॉफीयंत्र एकट्यासाठी एक कप नीट करत नाही या अडचणीतून त्यांनी पिचकारीसारखी एक नळी तयार केली, आणि २००५ साली ती एरोप्रेस या नावानं बाजारात आली. भुकटी आणि पाणी आत ढवळायचं आणि दांडा तळहातानं दाबायचा. तळव्याच्या जोरावर अर्ध्या बारच्या आसपास दाब मिळतो, आणि मिनिट-दोन मिनिटांत कप तयार. प्रवासाला यासारखं दुसरं साधन मला दिसत नाही.

मग येतो पंप. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी ज्याची त्याची कॉफी वेगळी, ताजी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, पण त्यात दाब वाफेचा होता आणि तो दीड बारच्या पुढे फारसा जात नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जा यांनी दांडा आणि स्प्रिंग वापरून तो कितीतरी वाढवला आणि कपावर सोनेरी फेस आला. १९६१ च्या फाएमा ई६१ या यंत्रात विजेच्या पंपानं तेच काम अखंड सुरू केलं. अशा कॉफीचा, म्हणजे एस्प्रेसोचा, आजचा प्रमाण दाब ९ बार आहे. समुद्रात ९० मीटर खोल गेल्यावर वरच्या पाण्याचा जेवढा भार पडेल तेवढा! तो भुकटीच्या एका चकतीवर, अर्ध्या मिनिटासाठी.

घरगुती यंत्रात हा दाब निर्माण करणारा पंप मुठीत मावेल एवढा असतो. त्यात तारेचं वेटोळं, एक स्प्रिंग आणि पोलादाचा लहान दट्ट्या असतो. वेटोळ्यात वीज आली की दट्ट्या एका बाजूला खेचला जातो, वीज सरली की स्प्रिंग त्याला परत ढकलते. आपल्याकडे विजेची आवर्तनं सेकंदाला ५०, म्हणून दट्ट्याचे ठोकेही सेकंदाला ५०. सकाळी ऐकू येते ती घरघर म्हणजे हेच ठोके. आणि ते ठरतात कुठे? ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही वीजवाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताची वीजव्यवस्था उरलेल्या देशाशी एका ठेक्यात जोडली गेली. तेव्हापासून कोयनेच्या पोटातली जनित्रं, चंद्रपूरची, तमिळनाडूची, पंजाबची, सगळी एकाच तालावर फिरतात. कपात कॉफी पडताना तुमच्या ओट्यावरचा तो दट्ट्या त्याच तालात हलत असतो.

याच ठिकाणी खरेदीच्या दोन-तीन गोष्टी सांगून टाकतो. खोक्यावर छापलेले १५ किंवा १९ बार हा पंपाचं तोंड बंद केल्यावर मिळणारा कमाल दाब असतो. भुकटीवर प्रत्यक्षात त्याहून कमी पडतो, आणि पडायलाही हवा. त्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये. दुसरी गोष्ट प्लगची. असं यंत्र वाहतं पाणी अर्ध्या मिनिटात तापवतं, त्यासाठी १,४०० वॅटच्या आसपास शक्ती लागते, म्हणजे ६ अँपिअरहून थोडा जास्तच प्रवाह. स्वयंपाकघरातला साधा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. मिक्सर लावतो तिथे हे लावू नका, १६ अँपिअरचा मोठा पॉइंट हवा. तिसरी गोष्ट अमेरिकेतल्या नातेवाइकांची. तिथलं यंत्र १२० व्होल्टचं. आपल्या २३० व्होल्टवर लावलं तर त्याचा हीटर साडेतीन पटींहून अधिक शक्ती ओढू पाहतो आणि जळतो. जड ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं, पण ६० ठोक्यांसाठी घडवलेला पंप इथे ५० च्याच ठोक्यांनी चालतो. न्यू जर्सीहून प्रेमानं आणलेली ही भेट तिथेच राहिलेली बरी.

कॅप्सूलच्या यंत्रात पंपाच्या जोडीला आणखी एक अफलातून युक्ती आहे. नेस्ले कंपनीचे स्विस इंजिनिअर एरिक फाव्र यांनी १९७६ साली तिचं पेटंट घेतलं आणि नेस्प्रेसो या नावानं ती १९८६ साली विक्रीला आली. अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत पाच-सहा ग्रॅम भुकटी हवाबंद असते. यंत्र डबीला मागून भोकं पाडतं, पुढून नाही. पुढचा पातळ पत्रा आतल्या दाबानं फुगतो, समोरच्या टोकदार जाळीवर दाबला जातो आणि पुरेसा दाब आल्यावरच फाटतो. म्हणजे दाब तयार झाला की नाही हे तपासणारी झडप म्हणजे ती डबीच! कुठलाही सेन्सर नाही. याच कंपनीच्या २०१४ च्या व्हर्च्युओ यंत्रात पंपाच्या दाबावर विसंबण्याऐवजी डबीच मिनिटाला ७,००० पर्यंत फेरे घेते आणि गरगर फिरण्यातून पाणी भुकटीच्या पार जातं. किती वेगानं फिरायचं हे डबीच्या कडेवरचा बारकोड सांगतो.

बुद्धीचं कौतुक वाटतं, तरीही मी कॅप्सूलचं यंत्र घेण्याआधी थांबायला सांगेन. बारकोड किंवा खास आकार म्हणजे त्याच कंपनीच्या डब्या घेत राहणं. शिवाय वापरलेली डबी ओला कचरा की सुका? आत ओली कॉफी, बाहेर धातू किंवा प्लॅस्टिक. प्रत्येक डबी फोडून, धुऊन, वेगळी केली तरच घंटागाडीत तिला योग्य जागा मिळते. हॅम्बुर्ग शहरानं २०१६ साली सरकारी खरेदीतून कॅप्सूल वगळल्या. केयुरिग या अमेरिकन यंत्राचे एक जनक जॉन सिल्व्हन यांनीही २०१५ मध्ये सांगितलं होतं की आपण हे तयार केलं याचं कधीकधी वाईट वाटतं, आणि ते यंत्र आपल्या घरी नाही.

आता बंद पडलेल्या यंत्राकडे वळू. पुष्कळदा त्यात मोटर जळलेली नसते, वायर तुटलेली नसते, पाण्याची वाट बुजलेली असते. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियमचा बायकार्बोनेट विरघळलेला असतो. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर धातूवर चिकटतो. आंध्रातल्या बेलमसारख्या गुहांमध्ये छतापासून लोंबणारे चुनखडीचे खांब याच रसायनानं हजारो वर्षांत बनतात. यंत्राची नळी काही मिलिमीटरचीच, तिथे महिने पुरतात. म्हणून नवं घेण्याआधी जुन्याला एक संधी द्या. वाण्याकडे मिळणारं लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून, माहितीपुस्तिकेत दिलं असेल त्या प्रमाणात, यंत्रातून फिरवा आणि नंतर साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा. थर विरघळताना त्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी बाहेर येतो. अनेक यंत्रं यानंतर पुन्हा बोलू लागतात. आणि नवं घ्यायचंच असेल, तर जे उघडता येतं, ज्याचं रबर बदलता येतं, ज्याच्या आतवर ब्रश पोचतो, तेच मी निवडेन.

मराठी घरात कॉफी म्हणजे बहुतेकदा दुधाची, वरून जायफळ किसलेली. कागदातून गाळलेली हलकी कॉफी त्या दुधात हरवते. इथे दाट अर्क हवा. दोन कप्प्यांच्या दाक्षिणात्य फिल्टरमधून तो निव्वळ गुरुत्वाकर्षणानं, पण फार सावकाश उतरतो. माटुंग्याच्या दुकानांत समोर दळून मिळणारी, चिकोरी मिसळलेली भुकटी त्यासाठीच असते. रात्री भरून ठेवायचा, सकाळी अर्क तयार. दहा मिनिटांतच कॉफी हवी असेल, तर माझी पसंती मोका पॉटला. इटलीच्या आल्फोन्सो बियालेत्ती यांचं हे अष्टकोनी अ‍ॅल्युमिनियमचं भांडं १९३३ सालचं. खालच्या कप्प्यात पाणी, मध्ये भुकटी, वर कॉफी. पाणी उकळायच्या आधीच वर चढू लागतं, कारण त्याच्या माथ्यावर कोंडलेली हवा आणि वाफ फुगून त्याला नळीतून ढकलतात. दाब दीड-दोन बारच्या आसपास, बाजूला सुरक्षेची झडप, आणि झिजणारा भाग म्हणाल तर मुख्यतः एक रबरी कडी. शेवटची गुरगुर म्हणजे पाणी संपून वाफ येऊ लागल्याची खूण. ती वाढण्याआधी गॅस बंद करा, नाहीतर कडवटपणा कपात उतरतो.

घेताना माप नीट पाहा. सहा कपांच्या मोकात एका कपाची कॉफी होत नाही, कारण भुकटीचा कप्पा पूर्ण भरला नाही तर पाणी फटींतून पळतं. एकट्यासाठी एक कपाचाच घ्या. इंडक्शन शेगडी असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा चालणार नाही, त्यासाठी तशी खूण असलेला स्टीलचा लागतो. गॅसवर ठेवणार असाल, तर एक कपाचा मोका बर्नरच्या दांड्यांमध्ये उभा राहत नाही, कलंडतो. त्याच्याखाली पापड भाजायची जाळी ठेवा.