आकडा वाढला म्हणजे नेमकं काय झालं?

'दऱ्या' लिहावं आणि पडद्यावर 'दर्या' उमटावं, तर दरीचा समुद्र होतो. मराठीतला तो आडवा अर्धा र बिनचूक उमटायला दोन गोष्टी लागतात: चांगला फॉन्ट आणि अक्षरं जोडणारी लायब्ररी. 'लोहित' ही मुक्त फॉन्ट-मालिका रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं सांभाळली. जोडणीचं काम फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत 'हार्फबझ' नावाची लायब्ररी करते. इतक्या जणांनी वाटून घेतलेल्या कोडचं नवं व्हर्जन काढणं ही मोठी जबाबदारी आहे. तरीही व्हर्जनच्या आकड्यांविषयीचे काही गैरसमज पुण्याच्या हिंजवडी-खराडी या आयटी भागांतल्या जाणत्या मंडळींमध्येसुद्धा आढळतात.

गैरसमज: पहिला आकडा वाढला म्हणजे जुनं मोडलं

'सिमँटिक व्हर्जनिंग' या संकेतात हे खरं आहे. २.४.१ मधला पहिला आकडा वाढला, तर जुन्या वापराशी फारकत; दुसरा वाढला, तर नवी भर; तिसरा वाढला, तर फक्त दुरुस्ती. पण हा संकेत आहे, कायदा नव्हे. लिनक्स कर्नल २०११ मध्ये २.६.३९ वरून थेट ३.० वर गेलं ते आकडे सुटसुटीत व्हावेत म्हणून. त्यात काही उलथापालथ नव्हती. हार्फबझचं उदाहरण तर मला फार आवडतं. १.० नंतर तिचा पहिला आकडा वाढत वाढत दोन अंकी झाला, पण ०.९ मालिकेच्या काळात तिच्यावर बांधलेला प्रोग्राम आजही चालावा, ही सुसंगती तिच्या मेंटेनरांनी जपली आहे. ती कधीच तोडायची नाही, अशी त्यांची जाहीर भूमिका आहे. म्हणून आकडा पाहण्याआधी त्या प्रकल्पाचं धोरण वाचावं.

गैरसमज: नुसती भर घातली तर कोणाचं काही बिघडत नाही

याचं उत्तर आपल्या 'ॲ'मध्ये आहे. युनिकोडही व्हर्जननुसारच निघतं, आणि एकदा दिलेलं अक्षर कधीही काढून घ्यायचं नाही, हा त्याचा कडक नियम आहे. तरी २००८ पर्यंत मराठी 'ॲ'ला स्वतंत्र जागा नव्हती. लोक 'अ' टंकून त्यावर चंद्र चढवत. एप्रिल २००८ मध्ये ५.१ आवृत्तीत तो एकसंध अक्षर म्हणून आला. भर रास्तच होती, आणि जुनं काहीही काढलं नव्हतं. पण त्या दिवसापासून हे एकच दिसणारं अक्षर साठवण्याचे दोन प्रकार झाले. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनीही ते एक होत नाहीत. एका पद्धतीनं लिहिलेला 'ॲसिड' दुसऱ्या पद्धतीनं शोधला, तर सॉफ्टवेअरनं वेगळी सोय केली नसेल तिथे तो सापडत नाही. शब्दकोश, ग्रंथालयाची सूची, मतदारयादी अशा ठिकाणी ही अडचण छोटी नाही. भर घालणाऱ्या रिलीजसोबत जुन्या मजकुराचं काय करायचं हे सांगणारी टीपही हवी, असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज: परवाना बदलला की जुनी व्हर्जनंही बदलतात

नाही. लोहित २०११ मध्ये जीपीएलवरून ओएफएल परवान्यावर आलं. त्याआधी घेतलेल्या प्रतींना त्यांचा जुना परवाना लागू राहतोच.

गैरसमज: चुकीचं रिलीज त्याच आकड्याखाली गुपचूप बदलता येतं

पायथनच्या पायपीआय भांडारात एकदा चढवलेल्या फाइलचं नाव, फाइल पुसली तरी, पुन्हा वापरता येत नाही. रिलीज सदोष निघालं तर त्यावर 'हे घेऊ नका' अशी खूण करायची आणि पुढचा आकडा काढायचा. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या लायब्ररीत सुरक्षेचं गंभीर भगदाड सापडलं, तेव्हा २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशी चार व्हर्जनं एकाच महिन्यात निघाली. काहींना तो गोंधळ वाटला. मला तो प्रामाणिकपणा वाटतो: आधीची दुरुस्ती अपुरी पडली, हे नंतरच्या प्रत्येक आकड्यानं उघडपणे सांगितलं.

गैरसमज: सर्वांत नवं तेच सुरक्षित, आणि जुना आकडा म्हणजे जुना कोड

मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या व्हर्जनांत मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा सापडला. डेबियन या लिनक्स-वितरणाच्या स्थिर आवृत्तीत जुनं व्हर्जन होतं, म्हणून ती वाचली. लॉगफोरजेच्या वेळी मात्र जुन्यावर थांबलेलेच धोक्यात होते. यातून एकच सरसकट नियम निघत नाही.

या गैरसमजाचा दुसरा भाग तर रोजच्या कामाचा आहे. डेबियन स्थिर किंवा रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्समध्ये लायब्ररीचा मूळ आकडा तसाच ठेवून सुरक्षेच्या दुरुस्त्या मागच्या व्हर्जनला लावतात. बदल दिसतो तो आकड्यापुढच्या शेपटीत. उदाहरणार्थ, डेबियन १२ मध्ये 'डेब१२यू१' अशी जोड येते. फक्त मूळ आकडा पाहणारं स्कॅनर अशा पॅकेजला असुरक्षित ठरवतं, आणि मग कोणीतरी घाईघाईनं बाहेरून नवं व्हर्जन आणून बसवतं. तसं करण्याआधी त्या पॅकेजचा चेंजलॉग उघडावा. कोणतं भगदाड कोणत्या तारखेला बुजवलं, ते तिथे क्रमांकासह लिहिलेलं असतं.