जोडलेल्या हातांचीं घरें

जपानचें नांव घेतलें कीं टोकियोचे उंच इमले, घड्याळाच्या कांट्यावर धांवणारी शिंकान्सेन आगगाडी आणि फुजीचें शिखर हींच चित्रें बहुधा आपल्या मनापुढें उभीं राहतात. परंतु त्याच शिंकान्सेनमधून शिन-ताकाओका स्थानकावर उतरून जो प्रवासी बाहेरच्या मोटार-बसमध्यें बसतो, तो कांहीं तासांतच अशा एका खोऱ्यांत जाऊन पोहोंचतो, कीं जेथें भिंतींपेक्षां छपरांनाच अधिक मान आहे. गोकायामा व शिराकावागो या डोंगरी मुलखांतील आइनोकुरा, सुगानुमा आणि ओगिमाची हीं तीन खेडीं १९९५ च्या डिसेंबरांत युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत घातलीं. तिन्ही एकाच बसच्या वाटेवर असल्यामुळें सकाळीं लवकर निघाल्यास एका दिवसांत पाहून होतात. गाड्या मात्र मोजक्याच असतात. तेव्हां वेळापत्रक जवळ असूं द्यावें, इतकें वाचकांस आधींच सांगून ठेवतों.

आम्ही गेलों तें शरद ऋतु सरतां सरतां. मैदानांतील भातखाचरें मागें पडलीं, एक लांबलचक बोगदा लागला, आणि पलीकडे निघालों तों शोगावा नदीचें अरुंद खोरें दिसूं लागलें. हा बोगदा होण्यापूर्वी हिवाळ्यांत खिंड बर्फानें बुजून जाई व गोकायामाचा जगाशीं संबंध तुटे. कागाच्या सरदारांनीं कैद्यांना हद्दपार करण्यासाठीं हाच मुलूख निवडला होता, यावरूनच त्याच्या दुर्गमतेची कल्पना यावी.

आइनोकुरास उतरून चार पावलें चढ चढलें कीं वीसएक घरांची वस्ती दिसते. मागच्या उतारावर दाट झाडी आहे. हिमकडे कोसळून गांव गाडलें जाऊं नये म्हणून तेथें कुऱ्हाड घालण्यास पूर्वीपासून बंदी. घरांच्या छपरांचीं दोन पाखें सुमारें साठ अंशांच्या उभ्या उतारानें एकमेकांस टेकलेलीं असतात. या रचनेस ‘गाश्शो-झुकुरी’ म्हणतात. ‘गाश्शो’ म्हणजे नमस्कारासाठीं जोडलेले हात. येथील लोक अमिताभ बुद्धाचे उपासक असल्यामुळें हें नांव त्यांच्या तोंडीं सहजच बसलें असावें. उताराचें खरें कारण मात्र बर्फ. पुरुषभर उंचीचें बर्फ जेथें पडतें, तेथें सपाट छप्पर एक हिवाळाहि टिकावयाचें नाहीं.

या घरांची एक गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटली. खालचा सांगाडा कसबी सुतारांनीं उभारलेला असतो. पण आढ्यापासून खालपर्यंतचें सारें छप्पर गांवकऱ्यांच्या हातचें! त्यांत लोखंडी खिळा नाहीं. वासे दोरांनीं व ओल्या असतांना पिळून बांधलेल्या लवचिक फांद्यांनीं आवळलेले असतात. वाळल्यावर तीं बंधनें अधिकच घट्ट होतात. मुख्य वाशांचीं टोकें अणकुचीदार करून खालच्या तुळईच्या खळग्यांत नुसतीं टेकवलेलीं असतात, त्यामुळें वाऱ्यानें व भूकंपानें घर किंचित् हलतें, पण मोडत नाहीं. ब्रूनो टाउट हा जर्मन वास्तुशास्त्रज्ञ १९३५ सालीं इकडे आला, तेव्हां या तर्कशुद्ध रचनेनें तो थक्क झाला होता.

आंत गेल्यावर प्रथम डोळ्यांत धूर जातो. मध्यभागीं जमिनींत ‘इरोरी’ नांवाचें चौकोनी अग्निस्थान असतें. त्याच्या धुरानें वासे, दोर आणि गवत काळेंभोर होतें व त्यांस कीड लागत नाहीं. आपल्याकडील जुन्या माजघरांतील काजळलेल्या तुळया ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. वर दोन-तीन माळे असून त्यांवर रेशमाचे किडे पाळीत. खालीं तर याहून विलक्षण उद्योग चाले. जमिनीखालच्या खड्ड्यांत माती, रानटी गवत व रेशमाच्या किड्यांची विष्ठा यांचे थर रचून तीं वर्षानुवर्षें कुजवीत आणि त्यांतून बंदुकीच्या दारूस लागणारा सोरा काढीत. गोकायामाचा हा सोरा कागाच्या सरदारांकडे जाई. सुगानुमा या अवघ्या नऊ गाश्शो-घरांच्या वस्तींत या उद्योगाचें एक संग्रहालयच आहे. पुढें मेइजी काळांत चिलीहून स्वस्त सोरा येऊं लागला आणि हा धंदा बसला.

आतां, एवढालीं घरें कशासाठीं, असा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनांत आलाच असेल. त्याचें उत्तर आपणां एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांना विचार करावयास लावणारें आहे. शिराकावाच्या दक्षिण भागांतील कांहीं घरांत तीस-तीस, चाळीस-चाळीस माणसें एका छपराखालीं राहत. शेतजमीन अगदींच तुटपुंजी. तिच्या वांटण्या केल्या तर कोणाचेंच पोट भरावयाचें नाहीं. आणि रेशीम व सोरा यांना तर राबणारे हात पुष्कळ हवेत. म्हणून तेथें असा रिवाज पडला, कीं वडील मुलानें तेवढें रीतसर लग्न करून सून घरीं आणावी. धाकटे भाऊ जन्मभर त्याच घरांत राबत. त्यांची जोडीदारीण आपल्या माहेरींच राही; तो रात्रीं तिकडे जाई व पहाटे परते; मुलें आईच्या घरीं वाढत. केरळांतील नायरांच्या तरवाडाची येथें कोणास आठवण होईल. एकत्र कुटुंबाची थोरवी गातांना आपण प्रेम व त्याग यांचाच उच्चार करतों. परंतु या घरांत धाकट्यांच्या वांट्यास स्वतःची चूल कधींच आली नाहीं, हेंहि विसरूं नये. मेइजी काळानंतर बाहेर पोट भरण्याच्या वाटा मोकळ्या होऊं लागल्या, तशीं हीं कुटुंबें विसाव्या शतकांत हळूहळू पांगलीं. कोणी त्यांना आग्रहानें थांबवून धरलें, असें दिसत नाहीं.

कुटुंबें पांगलीं तरी घरें राहिलीं, तीं ‘युइ’मुळें. युइ म्हणजे आपली सावड. गवती छप्पर तीस-चाळीस वर्षांनीं नव्यानें शाकारावें लागतें आणि तें काम एका घराच्या आवांक्यांतलें नाहीं. मग सारा गांव लोटतो. शे-दोनशें माणसें एकदम पाख्यावर चढून एक-दोन दिवसांत एक बाजू पुरी करतात. स्वयंपाकाचा भार बायकांवर. कोणीं किती माणसें दिलीं, किती गवत व दोर दिले, याची वहींत नोंद राही. आजचें देणें आपण फेडूं किंवा आपला मुलगा फेडील, हा त्यांतील करार. घरांतील एकत्रपणा गेला, पण घराघरांतला उरला, असें आम्हांस वाटलें.

तोहि सहजासहजीं उरलेला नाहीं. शोगावावर मिबोरोचें धरण १९६१ सालीं पुरें झालें व वरच्या अंगाचीं खेडीं पाण्याखालीं गेलीं. कांहीं घरें उकलून अन्यत्र नेण्यांत आलीं. यानोहारा घराण्याचें घर योकोहामाच्या सान्केएन उद्यानांत उभें आहे. शेजारचीं खेडीं अशीं नाहींशीं होतांना पाहून ओगिमाचीकरांनीं १९७१ सालीं एकत्र बसून तीन गोष्टी ठरवल्या: घर विकावयाचें नाहीं, भाड्यानें द्यावयाचें नाहीं, मोडावयाचें नाहीं. सरकारी संरक्षण तेथें आलें तें मागाहून, १९७६ त.

ओगिमाचीस आम्ही दुपारीं पोहोंचलों. गाश्शो पद्धतीच्या एकूणसाठ इमारती जागतिक वारशांत गणलेल्या हें गांव तिन्हींत मोठें, आणि गर्दीहि तशीच. २००८ सालीं द्रुतगति मार्ग पुरा झाला असून दीड हजारांच्या आसपास वस्तीच्या या शिराकावा ग्रामांत वर्षाकाठीं लाखों पाहुणे येतात. घरांचीं आढीं एकाच दिशेस आहेत. त्यामुळें दोन्ही पाख्यांस ऊन मिळतें व खोऱ्यांतील वाऱ्याचा मारा कमी बसतो. आगीचें भय सदैव असल्यानें ठिकठिकाणीं पाण्याच्या तोफा बसविल्या आहेत. वादा घराण्याच्या जुन्या घरांत एका भागांत ते स्वतः राहतात व दुसरा पाहुण्यांस उघडा आहे. अन्यत्र मात्र वाळत घातलेल्या कपड्यांचीं, ओटीवरच्या म्हाताऱ्या आजींचीं चित्रें न विचारतां घेणारे लोक आम्हीं पाहिले. लोक राहतात म्हणून हीं घरें संग्रहालयें झालीं नाहींत, एवढी गोष्ट पाहुण्यांनीं ध्यानांत ठेवण्यास काय हरकत आहे?

शाकारणीचें पुष्कळसें काम आतां तज्ज्ञ मजुरांकडे गेलें असून खर्चाचा मोठा वांटा सरकारी अनुदान उचलतें. तरीहि युइ अगदींच बंद पडलेली नाहीं. परतीच्या बसकडे जातांना रस्त्याच्या कडेस नुकत्याच कापलेल्या गवताच्या पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या दिसल्या. हिवाळाभर त्या सुकावयाच्या, आणि बर्फ वितळल्यावर कोणाच्या तरी छपरावर चढावयाच्या.