हातवाऱ्यांचे व्हिडिओ गेम : छोट्या घरात कोणता?

सुरतच्या गोडादरा परिसरात खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. तेथील एखाद्या छोट्या खोलीत हातवाऱ्यांनी खेळायचा व्हिडिओ गेम आणायचा, तर निवड कशी करावी? पडद्यावरील कृती आणि देहाची हालचाल एकच असावी, हे पहिले सूत्र. २००६ मधील निन्टेन्डोच्या ‘वी स्पोर्ट्स’मधील टेनिस आणि चेंडूने पिना पाडण्याचे बोलिंग म्हणूनच नवख्यांनाही जमले. नृत्यही शोभते, पण २०१० च्या ‘कायनेक्ट’ला एका खेळाडूसाठीही सुमारे ६ फूट अंतर लागे. दीर्घ साहसकथांत हात थकतो, तर वेगवान नेमबाजीत क्षणाचा विलंबही भोवतो. अपुऱ्या जागेत बोलिंगच बरे. मनगटाचा पट्टा मात्र बांधावाच; तो तुटून रिमोट निसटू लागल्याने डिसेंबर २००६ मध्ये निन्टेन्डोला लाखो पट्टे बदलून देण्याचे जाहीर करावे लागले होते.