डास तुम्हालाच का शोधतो, आणि फोनमधलं अ‍ॅप त्याला का थांबवत नाही

बसमध्ये रेंज जाते, इअरफोन घरी राहतात, अशा सगळ्यांसाठी आजचा एपिसोड लिहून देतोय. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे बघा' काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच आहे.

आधी एक कबुली. मी बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहितो, आणि तरीही दोन वर्षांपूर्वी फोनमध्ये डास पळवणारं एक अ‍ॅप टाकलं होतं. आपल्याला ऐकू येत नाही असा बारीक आवाज काढतं आणि डास पळतात, असा दावा होता. आईच्या फोनमध्येही टाकून दिलं. फुकटात काम झालं, असं वाटलं.

त्याच पावसाळ्यात आईला ताप आला. अंग ठणकतंय, डोळ्यांच्या मागे दुखतंय. दुसऱ्या दिवशी एनएस1 टेस्ट केली, डेंग्यू पॉझिटिव्ह. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. डॉक्टर म्हणाले, "आता खरं लक्ष द्यायचंय." डेंग्यूत ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच धोक्याचे असतात. रक्तवाहिन्यांमधून द्रव बाहेर झिरपायला लागतो, रक्त घट्ट होतं आणि बीपी पडू शकतं. आम्ही सगळे प्लेटलेट्सच्या आकड्याकडे डोळे लावून बसलो होतो. डॉक्टर मात्र रक्त किती घट्ट होतंय ते बघत होते. त्या संध्याकाळी आईच्या पोटात जोरात दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. दोन रात्री हॉस्पिटलमध्ये काढल्या. आता ती ठणठणीत आहे, पण तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलोय.

सुरुवात त्या अ‍ॅपपासून करू. 2007 साली कॉक्रेन या संस्थेने आवाजाने डास पळवणाऱ्या यंत्रांच्या, प्रत्यक्ष मैदानात केलेल्या 10 अभ्यासांचा आढावा घेतला. यंत्र चालू असो की बंद, माणसावर बसणाऱ्या डासांच्या संख्येत फरक पडल्याचं एकाही अभ्यासात दिसलं नाही. थोडक्यात, माझ्या अ‍ॅपने फक्त बॅटरी खाल्ली.

मग डास आपल्याला शोधतो कसा? चावते ती फक्त मादी, कारण अंडी तयार करायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्ती मादी पायरी-पायरीने जवळ येते. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिला दहा मीटरवरूनही कळतो. तो मिळाला की ती 'शोध मोड'मध्ये जाते. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांना 2022 मध्ये दिसलं, की हा वास आल्यावर ती लाल, नारिंगी, काळ्या रंगाकडे झेपावते. हिरव्या, निळ्या, पांढऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. माणसाच्या त्वचेचा रंग कुठलाही असला तरी तिच्यातून लाल-नारिंगी प्रकाश बराच परावर्तित होतो, हे लक्षात घ्या. जवळ आल्यावर त्वचेचा वास आणि उष्णता. 2024 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठाने दाखवलं, की आपल्या अंगातून निघणारी इन्फ्रारेड उष्णता तिला सुमारे 70 सेंटिमीटरवरून जाणवते.

आता सगळ्यांचा आवडता प्रश्न: "मलाच का चावतात रे?" न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लेस्ली व्हॉसहॉल यांच्या लॅबने 64 जणांना हातावर नायलॉनचे मोजे घालायला लावले आणि त्यांचे तुकडे डासांपुढे ठेवले. 33 नंबरच्या व्यक्तीचा मोजा सगळ्यात कमी आवडलेल्या मोज्यापेक्षा जवळपास 100 पट आकर्षक ठरला! ज्यांच्या त्वचेवर कार्बोक्झिलिक आम्लं जास्त, ते डासांचे लाडके. तीन वर्षांत हा क्रम फारसा बदलला नाही. त्यामुळे 'तुझं रक्त गोड आहे' हे वाक्य आता बाद.

याच लॅबला आणखी एक गोष्ट सापडली. वास ओळखणारे काही जनुक बंद केले तरी मादी माणसाकडे येतच राहिली, कारण तिच्या एकेका पेशीत वेगवेगळ्या वासांचे सेन्सर एकत्र असतात. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअपवर बॅकअप. एक सर्व्हर पडला तरी सिस्टिम चालू. म्हणून एखादीच युक्ती पुरत नाही.

पण या साखळीत एक दुवा कच्चा आहे, तो म्हणजे पाणी. एडिस मादी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या जरा वर अंडी चिकटवते. अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस' पाळा असं सांगतात. त्यामागचं गणित हे आहे. नुसतं पाणी ओतून भागत नाही. ती अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून कडा घासायच्या.

आई घरी आल्यावर मी टॉर्च घेऊन घर पालथं घातलं. कुंड्या ठीक, टाकीला झाकण. फ्रिज मात्र ओढून मागे पाहिलं, तर तळाच्या ट्रेमध्ये पाणी साचलेलं, आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. काळोख, ऊब, स्थिर पाणी. सगळी सोय आम्हीच केलेली. आईला चावलेली मादी तिथलीच होती, हे सिद्ध नाही करता येणार. पण त्या दिवशी मला रडू आलं.

दुसरी चूक तर माहीतही नव्हती. डास बहुतेक वेळा जन्मतः विषाणू घेऊन येत नाही. तो आजारी माणसाकडून घेतो, आणि साधारण 8 ते 12 दिवसांनी दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणजे तापाच्या पहिल्या दिवसांत पेशंटला दिवसाही मच्छरदाणीत ठेवायला हवं, कारण एडिस दिवसा चावते, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी सगळ्यात जास्त. आई मात्र ताप असताना दिवसभर हॉलमध्ये सोफ्यावर झोपली होती, खिडक्या सताड उघड्या. दोन आठवड्यांनी खालच्या मजल्यावरच्या पाचवीतल्या मुलीला डेंग्यू झाला. ती बरी झाली. पण तिची आई लिफ्टमध्ये भेटली, की आजही मला नीट बोलता येत नाही.

बातमी चांगलीही आहे. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात वोल्बाकिया नावाचा जिवाणू असलेले एडिस डास सोडले. हा जिवाणू डासाच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू वाढू देत नाही, आणि मादीकडून पुढच्या पिढीत जातो. शहराचे 24 भाग करून 12 भागांत हे डास सोडले. 2021 च्या निकालानुसार तिथे डेंग्यू 77 टक्क्यांनी कमी होता, आणि हॉस्पिटलात भरती होण्याचं प्रमाण 86 टक्क्यांनी. आपल्याकडे पुद्दुचेरीच्या आयसीएमआर केंद्रानेही 2022 मध्ये असे डास तयार केल्याचं जाहीर केलं.

ते आपल्या गल्लीत येईपर्यंत काम आपलंच. फ्रिज आणि कूलरचे ट्रे, कुंडीखालच्या बशा, मनी प्लांटची बाटली, गच्चीवरचा जुना टायर: दर आठवड्याला ओता आणि घासा. दिवसाही उघड्या अंगाला डीट किंवा पिकारिडिन असलेलं क्रीम लावा. ताप आला तर मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो, डॉक्टरांकडे जा. आणि ताप उतरल्यावर पोटात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर त्याच क्षणी निघा.

अ‍ॅप मी काढून टाकलं. त्याच्या जागी रविवारी सकाळी नऊचा रिमाइंडर आहे. पण तो वाजायच्या आधीच स्वयंपाकघरातून हाक येते, "ट्रे काढलास का रे?"

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर एकदा फ्रिजच्या मागे डोकावून बघा.