झोपलेला कम्प्युटर उठेना?

बचतगटाचा हिशेब अर्धा टाकून लॅपटॉप मिटला, संध्याकाळी उघडला तर स्क्रीन काळी! पंखा घरघरतोय, दिवा लागलाय, पण कितीही बटणं दाबा, ढिम्म हलत नाही. दुकानात नेला तर 'मदरबोर्ड गेला' असं ऐकावं लागेल, या धास्तीनेच निम्मा जीव जातो. मैत्रिणींनो, जरा थांबा. बरेचदा बिघाड एवढा मोठा नसतोच.

'स्लीप' म्हणजे कम्प्युटर बंद करणं नव्हे. स्क्रीन, डिस्क, वायफाय निजतात. उघडं काम मात्र रॅममध्ये राहतं आणि रॅमला थोडी वीज लागतच असते. 'हायबरनेट'मध्ये हेच काम डिस्कवर लिहून ठेवून मशीन पूर्ण बंद होतं. उठताना प्रत्येक भागाला त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्या भागाकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम, जागं करतो. सकाळी घरातला एकच जण उठेना की सगळ्यांचा खोळंबा होतो ना, तसंच इथेही होतं. तो एक जण कोण, एवढंच शोधायचं.

आधी कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जागं आहे, फक्त स्क्रीन उठलेली नाही. विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. दिवाही हलला नाही तर पॉवरचं बटण साधारण १० सेकंद दाबून धरा. मशीन बंद होईल, पण सेव्ह न केलेलं काम जाईल.

मग प्रिंटर, पेनड्राइव्ह, डोंगल सगळं काढून पुन्हा स्लीप करून बघा. नीट उठलं? आता एकेक जोडत जा. जे जोडल्यावर अडेल, तोच चोर! काहीच न जोडताही अडलं, तर ग्राफिक्स आणि वायफायचे नवे ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या. बायोस मात्र जाणकाराकडूनच अपडेट करून घ्या. मध्येच वीज गेली तर मशीन कायमचं अडू शकतं.

एका वेळी एकच बदल करा आणि तारखेसह वहीत लिहा. दोष सापडेपर्यंत काम सेव्ह करून सरळ 'शट डाउन' करायचं. एवढं करूनही दुकान गाठावं लागलंच, तर वही सोबत न्या. काय काय करून पाहिलं हे सांगणाऱ्या बाईला 'मदरबोर्ड गेला' म्हणण्याआधी दुकानदारही दोनदा विचार करेल!