कानातला भोंगा

यंत्रमागाच्या खात्यात ज्याने वीस वर्षे काढली, त्याला शांतता म्हणजे काय ते विचारू नये. पाळी सुटते, माग थांबतात. पण कानातला आवाज थांबत नाही. घर निजले की तो अधिकच चढतो. हा भोंगा आमच्याही कानांत कैक वर्षे वाजतो आहे.

वैद्यक याला कर्णनाद म्हणते. आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या नाजूक केसपेशी असतात. सततच्या खडखडाटाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारा संदेश रोडावला की मेंदू ती उणीव भरून काढू पाहतो आणि बाहेर नसलेला आवाज ऐकू येतो, असे बहुतेक संशोधक मानतात.

मग यात मनाचा उपचार कशाला? कारण आवाज अनेकांना असतो, पण सारेच हैराण होत नाहीत. ‘आता आपण बहिरे होणार’ ही भीती शिरली की लक्ष आवाजाकडे लागते. लक्ष लागले की तो मोठा वाटतो. झोप उडते, भीती वाढते. विचार-वर्तन उपचार हे चक्र तोडतो. भीतीचा विचार कागदावर मांडायचा आणि त्याच्याकडे पुरावा मागायचा. २०२० साली कॉक्रेन संस्थेने २८ प्रयोग तपासले. त्यांत २७३३ माणसे होती. या उपचाराने जगण्यावरचा जाच कमी होऊ शकतो, असे दिसले. आवाज घालवण्याचा दावा मात्र तो करीत नाही.

ध्यानाचेही तसेच. श्वासावर लक्ष ठेवून बसावे. आवाज आला तर येऊ द्यावा, त्याला हाकलू नये. लंडनमध्ये ७५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठ आठवड्यांच्या अशा अभ्यासाने नुसत्या शिथिलीकरणापेक्षा अधिक आराम पडला. आम्ही जन्मभर भांडायला शिकलो. इथे न भांडणे शिकावे लागले.

एका कानातच आवाज असेल, तो नाडीबरोबर ठोके देत असेल, तर प्रथम डॉक्टरला दाखवावे. एकाएकी ऐकू येईनासे झाले तर एक दिवसही दवडू नये.

आणि एक विसरू नये. ध्यान कामगाराने करावे. पण खात्यातला गोंगाट कमी करणे, कानाला बोळे देणे, दरसाल कान तपासणे हे मालकाचेच काम आहे. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. नव्या पोराच्या तरी वाचवता येतील.