‘एन्डेंजर’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ व उपयोग

विजेच्या खांबावरील पाटीमुळे ‘डेंजर’ हा शब्द खेड्यातील मुलांच्याही परिचयाचा असतो. त्याच्या प्रारंभी ‘एन’ हा उपसर्ग जोडला म्हणजे ‘एन्डेंजर’ हे क्रियापद सिद्ध होते. ‘रिच’ म्हणजे समृद्ध, ‘एन्रिच’ म्हणजे समृद्ध करणे. ‘लार्ज’ म्हणजे मोठा, ‘एन्लार्ज’ म्हणजे मोठा करणे. तद्वतच ‘एन्डेंजर’ म्हणजे धोक्यात घालणे. या जोड्या फळ्यावर लिहिल्यास उपसर्गाचे कार्य मुलांच्या सहज ध्यानी येईल.

अर्थ सांगताना ‘धोका देणे’ असे मात्र सांगू नये. धोका देणे म्हणजे दगा देणे. या क्रियापदाचा फसवणुकीशी संबंध नाही.

हे क्रियापद सकर्मक असून कर्म त्याच्या लगेच पुढे येते. ‘फास्ट ड्रायव्हिंग एन्डेंजर्स लाइफ’, म्हणजे वाहन भरधाव हाकल्याने जीवित धोक्यात येते. मराठीत आपण ‘जीविताला धोका’ म्हणतो. त्या ‘ला’च्या सवयीने मुले ‘लाइफ’पूर्वी ‘टू’ घालतात; ती चूक वेळीच सुधारावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, या शब्दाने हानी झाल्याचे सांगितले जात नाही. हानीचा संभव निर्माण केल्याचे सांगितले जाते. वाटेवरील विहीर कठड्यावाचून उघडी ठेवणारा मनुष्य, तीत कोणी पडले नाही तरी, येणाऱ्या-जाणाऱ्यांस ‘एन्डेंजर’ करीतच असतो. कायद्यासही हा भेद मान्य आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३३६ मध्ये हेच क्रियापद होते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्येही ते आहे. अविचाराने वा हयगयीने दुसऱ्याचे जीवित धोक्यात घालणे हा, कोणास इजा झाली नसली तरी, अपराधच ठरतो.

‘एन्डेंजर्ड’ हे याचेच धातुसाधित विशेषण. त्यास मराठीत ‘संकटग्रस्त’ म्हणतात. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे ज्या माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य राखले आहे, त्याची गणना आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०११ साली अतिसंकटग्रस्त जातींत केली. संकटग्रस्त म्हणजे नष्ट झालेला नव्हे. जे अद्याप वाचविता येईल, त्याच्याविषयीच हा शब्द योजतात. शिक्षकांनी पाठाची समाप्ती करताना एवढे मुलांच्या मनावर ठसविले, तर शब्दाबरोबर सावधपणाचाही संस्कार होईल.